नानांच्या पोटरीवर सहा दोरे आणि एक तार

नानांची डावी पोटरी जितक्या लोकांनी पाहिली असेल तितक्यांनी सोनगीरचा किल्लाही पाहिला नसेल. किल्ला पाहायचा तर चढावं लागतं. पोटरीसाठी आग्रा रोडवरच्या आमच्या हॉटेलात बाकड्यावर बसून अर्धा कप चहा मागवला की काम व्हायचं. नाना, म्हणजे माझे वडील, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत भट्टीपुढे उभे राहून भजी आणि शेव तळायचे. भट्टी रस्त्याच्या तोंडाशी आणि बाकडी तिच्या मागे, त्यामुळे गिऱ्हाइकाला नानांचं तोंड पैसे देतानाच दिसे. बाकी सगळा वेळ त्याच्यासमोर नानांची पाठ, गुडघ्यावर खोचलेलं धोतर आणि दोन पोटऱ्या. उजवी चारचौघांसारखी होती. डावीवर मात्र घोट्यापासून गुडघ्यापर्यंत निळ्या-जांभळ्या शिरा, करंगळीएवढ्या जाड, वळत वळत वर गेलेल्या, मध्ये मध्ये गाठी. ट्रकवाले त्या शिरांकडे बघत बघत भजी खात, आणि त्यामुळे कुणी एक भजं कमी खाल्लं असं माझ्या आठवणीत नाही.

आमचं घर म्हणजे हॉटेलाच्या मागच्या दोन खोल्या. मला जाग यायची ती मायने भट्टीत कपाशीच्या पऱ्हाट्या मोडून घातल्याच्या कडकड आवाजाने. मग ती बेसन कालवायला बसे, तिच्या बांगड्या परातीवर वाजत. उजाडलं की शेजारच्या आबा तांबटांचा हातोडा सुरू होई आणि तो थेट जेवायच्या वेळीच थांबे. ट्रक आले की त्यांचे भोंगे. या सगळ्या गोंगाटात आम्ही वाढलो, त्यामुळे आमच्या घरात कुणी हळू बोललं तर ते आजारी आहे असं समजत. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की माय ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि उरलेल्या शेवेची झणझणीत भाजी पुढ्यात ठेवी. नाना तीही उभ्यानेच खात. बसलं की पाय जड होतो आणि पुन्हा उठवत नाही, असं त्यांचं म्हणणं. आता वाटतं, तेवढं एक जरी ते नीट बसून जेवले असते तरी पुष्कळ टळलं असतं.

माझी नात डॉक्टर आहे. तिने मला हे सगळं परवा कागदावर चित्र काढून समजावलं. उन्हाळ्यात शिरा फुगतात, वाळक्या माणसाच्या वर दिसतात, कष्टाने उठतात, आणि माझ्यासारखीच्या हातावर दिसतात कारण कातडी जुन्या लुगड्यासारखी विरली आहे. यातलं काहीच मरणाचं नाही. पण जो माणूस वर्षानुवर्षं एका जागी उभा, त्यातून भट्टीशी, त्याच्या पायातल्या शिरांच्या झडपा ढिल्या पडतात. रक्त वर जायचं ते खाली साचतं. ती हे सांगत होती तेव्हा तिचा धाकटा भाऊ आरशापुढे दंड फुगवून त्यावर शीर उठते का बघत होता. उठली की फोटो काढतो गाढव. नानांना हे कळलं असतं तर त्यांनी पोटरी दाखवायला तिकीट लावलं असतं.

सोनगीरला तेव्हा झडपा कुणाला ठाऊक? गावाचं शास्त्र वेगळं होतं. शीर ही चढणारी चीज आहे, ती पायातून निघते आणि काळजाकडे जाते, हे सगळ्यांना पाठ होतं. "गुडघाना वर चढी गई ते मानूस जास," असं आजलमाय, म्हणजे मायची आई, दर भेटीत सांगे. पिंपळनेरकडच्या कुणा माणसाची कंबरेपर्यंत चढली आणि तो बसल्या जागी गेला, अशीही एक गोष्ट होती. त्या माणसाचं नाव कुणाला माहीत नव्हतं, पण गेला याबद्दल दुमत नव्हतं. मग उपाय काय? तर वाटेत अडवणं. गुडघ्याखाली दोरा बांधायचा, म्हणजे शीर तिथेच थबकते.

पहिला दोरा मायचा, धुळ्याहून आणलेला, देवीचा, लाल. दुसरा आजलमायचा, काळा. तो मायच्या दोऱ्याच्या वर बांधला, कारण आईचा मान मुलीच्या वर. तिसरा एका नेहमीच्या ट्रकवाल्याने दर्ग्यातून आणला. चौथा इंदूरकडच्या ड्रायव्हरने दिला, आणि तो नेमका कोणत्या देवाचा हे विचारल्यावर तो म्हणाला की दोरा चांगला आहे, देवाचं पुढे बघू. पाचवा हेडमास्तरांचा. आपला असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही हे चारचारदा सांगत त्यांनी तो खिशातून काढला. सहावा म्हशींच्या व्यापाऱ्याने दिला, म्हशीला गुण आल्यानंतर. आणि सातवी आबा तांबटांची तांब्याची तार. आबा नानांचे जिवलग. जन्मभर हातोड्याच्या आवाजात बसून ठार बहिरे झालेले, त्यामुळे प्रेमसुद्धा ओरडून करायचे. "तांबं रंगत पातळ करस!" रंगत म्हणजे रक्त. हे त्यांनी एवढ्या मोठ्याने सांगितलं की रस्त्यावरचा बैल बिचकला. एक ना धड, भाराभर चिंध्या म्हणतात ते हेच.

नानांचा देवावर विश्वास नव्हता. आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणायची छाती नव्हती. "पाय मन्हा, देव तुमना. बांधा," म्हणून ते तंगडी पुढे करत. एकाचा बांधला आणि दुसऱ्याचा नाकारला तर दुसरा समोरच्या हॉटेलात जाईल, हा त्यांचा हिशेब. मायच्या पायांवर प्रत्येक गरोदरपणात शिरा यायच्या, त्या वर्षी तर सातवा महिना होता आणि तिच्या दोन्ही पोटऱ्या निळ्या झाल्या होत्या. पण तिच्या पायांवर नऊवारी होती आणि त्यांच्यापुढे बसून कुणी चहा पीत नव्हतं. तिला कुणी सुताचा तुकडासुद्धा आणून दिला नाही. हे मला तेव्हा खटकलं नाही, त्याचाच आज जास्त राग येतो.

दोऱ्याला एक नियम होता. गाठ कुमारिकेच्या हातची हवी. म्हणजे माझी. मी तेरा वर्षांची होते, घरातली थोरली, आणि माझी गाठ सुटत नाही अशी माझी ख्याती होती. भारे, पोती, बकरी, सगळं माझ्याकडे बांधायला यायचं. आता तर देवाचं काम. रोज सकाळी नाना उठून खाटेच्या कडेला बसले की मी त्यांचा पाय मांडीवर घेऊन दोरे तपासायची. आणि रोज सकाळी दोरे ढिले झालेले असत. रात्रीतून पोटरी बारीक झालेली, शिरा बसलेल्या. माय देवीला हात जोडून म्हणे, "गुण ई ऱ्हायना, माय!" मीही खूश. ढिला दोरा काय कामाचा म्हणून मी ते सगळे सोडून पुन्हा आवळून बांधायची, एकेक करून, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून. आबांची तार पकडीने पिळायची. नाना तेवढा वेळ मला शाळेतलं विचारत, मास्तरांच्या नकला करत, आणि मी हसत हसत अजून एक पीळ घालायची. मग ते भट्टीवर आणि मी शाळेत.

संध्याकाळी मी त्या पायाकडे बघत नव्हते. संध्याकाळी गर्दी असायची.

त्या पावसाळ्यात घोट्याच्या वरची कातडी काळपट पडली आणि तिला खाज सुटू लागली. दोन्ही हात पिठात, मग नाना काय करत, बगळ्यासारखे एका पायावर उभे राहून उजव्या अंगठ्याच्या नखाने डावा पाय खाजवत. बाजाराचा दिवस होता, शाळेला सुट्टी, दुपारची वेळ. मी चहाचे कप गोळा करत होते. भट्टीखालच्या राखेत मला लाल ओघळ दिसला. वाटलं, तिखट सांडलं. मग दिसलं की ओघळ नानांच्या पायापासून सुरू होतो, आणि घोट्याजवळच्या शिरेतून रक्ताची बारीक धार उडते आहे. दुखत काहीच नव्हतं, त्यामुळे त्यांना पत्ताच नाही.

"नाना, तुमना पायले रंगत शे!"

त्यांनी खाली बघितलं आणि पुन्हा कढईकडे. "थांब, आधी हाऊ घाना काढू दे."

घाणा त्यांनी काढला. मग झारा हातातून पडला आणि ते बाकड्यावर मटकन बसले. लोक धावले. उंटावरून शेळ्या हाकणारे तर आमच्याकडे दिवसभर बसलेलेच असत. "वर बांधा! गुडघाना वर! जोरमा!" मायने धोतराची पट्टी फाडली आणि माझ्या हातात दिली. "शकू, तूच बांध. तुन्ही गाठ पक्की." मी बांधली. मांडीला गुडघा टेकवून, दोन्ही हातांनी, आयुष्यात बांधली नव्हती एवढी घट्ट. आणि रक्त थांबायच्या ऐवजी वाढलं. नाना बसलेले, पाय खाली लोंबता, खाली मातीत थारोळं, त्यांचा चेहरा कालवलेल्या बेसनासारखा पिवळा. माय "देवी, देवी" म्हणत होती. मी आणखी एक गाठ मारली.

तेवढ्यात शिरपूरकडे जाणारी एसटी थांबली आणि तिच्यातून पांढऱ्या पातळातली एक नर्सबाई उतरली. उतरली होती चहाला. गर्दी बघून आत आली, एक नजर टाकली आणि म्हणाली, "कुणी बांधलंय हे?" तिने माझी गाठ सोडायचा प्रयत्न केला, सुटली नाही, तेव्हा आमची कांदा चिरायची सुरी घेऊन तिने पट्टी कापली. "आडवं करा यांना. जमिनीवर. पाय वर धरा. अजून वर, छातीच्या वर!" आबा तांबट बाकड्यावर बसले आणि नानांची टाच त्यांनी आपल्या खांद्यावर घेतली. बाईने पिशवीतला धुतलेला टॉवेल जखमेवर दाबून धरला. माझ्या गाठी, मायची देवी, सगळ्या बाजाराची अक्कल यांनी जे झालं नाही ते नुसतं आडवं होऊन पाय वर केल्याने झालं. थोड्या वेळात धार थांबली.

नाना जमिनीवरून पुटपुटले, "आबा, मी तुमना खांदावर पाय ठेवा. माफ करज्यात."

"काय?" आबा ओरडले.

एसटीचा कंडक्टर घंटी वाजवायला लागला होता. बाई मान न वळवता म्हणाली की हा माणूस बसमध्ये चढेपर्यंत बस हलणार नाही, आणि धुळ्याकडे तोंड करून हलेल. कंडक्टर म्हणाला, बाई, बस शिरपूरची आहे. त्यावर तिने त्याच्याकडे बघितलं. शेवटी धुळ्याकडे जाणारा एक ट्रक थांबवायचं ठरलं आणि उतारूंनी तोवर नानांनी काढलेला घाणा संपवला.

मग बाईचं लक्ष गुडघ्याखाली गेलं. दिवसभराच्या सुजेत दोरे दिसेनासे झाले होते. नुसत्या खाचा दिसत होत्या, आणि तारेची खाच ओली होती. तिने बोट घालून एक दोरा उचलून पाहिला आणि कात्री मागितली.

कात्री कुणी देईना. आजलमायचा दोरा, दर्ग्याचा दोरा, म्हशींचा व्यापारी तर समोरच उभा. हेडमास्तर एकदम रस्त्यावरच्या ट्रकांचे नंबर वाचू लागले. माय खाली बसली आणि नानांच्या पायावर हात ठेवून म्हणाली, "बाई, देवीना दोरा शे. पोटमा पोर शे मन्हा. तो कापा ते काही वंगाळ व्हई."

"नाही कापला तर पाय जाईल," बाई म्हणाली. "हे दोरे रक्त खालीच कोंडून ठेवतायत. जखम चिघळली आहे." मग तिची नजर मायच्या नऊवारीखालून दिसणाऱ्या घोट्यांवर गेली. "तुमच्याही शिरा सुजल्यात की. तुम्हाला कुणी दोरा बांधला?"

माय आपल्या पायांकडे बघत राहिली. जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. मग तिने आत जाऊन शिवणाची कात्री आणली आणि ती बाईच्या हातात दिलीच नाही. आपला लाल दोरा तिने स्वतः कापला. एका फटक्यात. त्यानंतर आपल्या आईचाही कापला, तोही तेवढ्याच सफाईने, आणि बाकीचे चार कुणाला न विचारता. तारेला कात्री चालेना. आबा धावत जाऊन पत्रा कापायची मोठी कात्री घेऊन आले. रोज हजार ठोके एका रेषेत मारणाऱ्या त्या माणसाला ती तार सापडेना, कारण डोळे भरले होते. मी त्यांचा हात धरून कात्रीचं तोंड तारेखाली सरकवलं.

बाईने माझ्याकडे पाहिलं. "खाच ताजी आहे. रोज कोण आवळतं?"

"मी. सकाळी ढिले होतात म्हणून."

"रात्रभर पाय आडवा असतो, सूज उतरते, म्हणून ढिले होतात. तू बारीक पायावर आवळायचीस. मग तो दिवसभर सुजायचा." तिने आवाज चढवला नाही. "तुझी चूक नाही, पोरी. पण फास तोच."

तुझी चूक नाही हे शब्द मी ऐकलेच नाहीत. फास एवढाच ऐकला.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी चार दिवस काही कबूल केलं नाही. तारेखालची जखम काळी पडली तर पाय गुडघ्यापासून काढावा लागेल, हे मात्र स्पष्ट सांगितलं. मी त्या चार दिवसांत फार थोडं खाल्लं. नाना खाटेवर पडलेले, पाय दोन उशांवर, आणि शेजारच्या रोग्याला ट्रकवाल्यांच्या गोष्टी सांगत असलेले. रोज ड्रेसिंगच्या वेळी मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. माझ्या हातांकडे बघवत नव्हतं. पाचव्या दिवशी डॉक्टर पट्टी सोडून म्हणाले, कड लाल आहे, पाय राहील. माय तिथेच जमिनीवर बसली आणि रडली. मला रडू आलं नाही. मला नानांशी भांडायचं होतं.

माय पाणी आणायला गेल्यावर मी विचारलं, "दुखे का तुमले? मी बांधू तवय?"

नाना छताकडे बघत म्हणाले, "दुखे. तारनी ते जीव जाये."

"मंग सांगं काबर नही?"

"तू इतली मन लाईसन बांधे. जीभ बाहेर काढीसन." त्यांनी जीभ कोपऱ्यात धरून माझी नक्कल केली. मग ती आत घेतली. "बठ्ठा दिन मी भट्टीजोडे, तू शाळामा. तितलाच टाइम तू मन्हा जोडे बशे. मी सांगतू ते तू बांधनं सोडी देती."

म्हणजे देवासाठी नव्हे, गिऱ्हाइकासाठीही नव्हे. ते दोघं निमित्त होते. माझ्यासाठी तो माणूस रोज सकाळी तेवढं सोसत होता, आणि वर मास्तरांच्या नकला करत होता. असल्या प्रेमाचं काय करायचं हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही नीट कळलेलं नाही. मी त्यांना मूर्ख म्हणाले. बापाला मूर्ख म्हणायची ती माझी पहिलीच वेळ. ते म्हणाले, बरोबर शे. मग मला इतकं रडू आलं की शेजारचा रोगी उठून नर्सला बोलवायला निघाला.

घरी येताना दवाखान्यातून ताणणारी लांब पट्टी मिळाली. रोज सकाळी, पाय जमिनीला लागायच्या आधी, ती बोटांपासून वर गुडघ्याकडे गुंडाळायची, खाली घट्ट आणि वर सैल. भट्टीपुढे उंच स्टूल आणि मधून मधून आडवं होऊन पाय वर. गावाने ऐकून घेतलं आणि म्हटलं, शेवटी बांधायचंच ना? मग आमचे दोरे काय वाईट होते? नानांनी त्यांना चहा पाजला. मायच्या पायांवरही डॉक्टरांनी तशीच पट्टी सांगितली होती, पण दवाखान्यात त्या दिवशी एकच शिल्लक होती. मायची मी दुसऱ्या आठवड्यात धुळ्याला एकटी जाऊन आणली. कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी माय सुखरूप बाळंत झाली.

घरी आल्यानंतरची पहिली सकाळ. नाना खाटेवर उताणे, मी पायाशी पट्टीची गुंडाळी घेऊन बसलेली. मी त्यांच्याकडून शपथ घेतली होती, आमच्या घरात शपथेला किंमत नाही हे माहीत असूनही. दुखलं तर तिथल्या तिथे सांगायचं. लाज नाही, लाड नाही, गंमत नाही. मी पट्टीचं टोक काढलं आणि पायाकडे हात नेला.

"दुखस!" नाना ओरडले. बाहेर आबांचा हातोडा थांबला, म्हणजे त्यांनाही ऐकू गेलं असावं.

"मी आजून हात बी नही लावा, नाना."

"मालूम शे," ते म्हणाले, आणि पाय आणखी थोडा माझ्याकडे सरकवला. "आधीपासून सांगी ठेस."